बाजारपेठेतल्या भिंतीवर रंकाळा रंगवायचा तर

भिंतीवर तळं रंगवायचं म्हटलं की सगळे आधी निळ्या रंगाचं बोलतात. आधी बोलायला हवं ते भिंतीतल्या पाण्याबद्दल. माझ्या सुरुवातीच्या कामांपैकी एका भिंतीवर मी कोल्हापूरचा रंकाळा तलाव रंगवला होता. तळ्यातला दगडी संध्यामठ चांगला उतरला होता, लोक थांबून फोटो काढायचे. मात्र भिंतीच्या पलीकडून मोरीचा पाइप गेलेला होता आणि तो मी पाहिलाच नव्हता. दुसऱ्या पावसाळ्यानंतर मठाच्या मधोमध पांढरा लोणा, म्हणजे भिंतीतल्या क्षारांची भुकटी, फुटला, तिसऱ्या वर्षी पोपडे आले आणि चौथ्या वर्षी मालकाने सगळ्यावरून पिवळा डिस्टेंपर मारून घेतला. त्याला दोष देता येत नाही. तेव्हापासून माझ्या कामातले निम्मे दिवस रंगाला हात न लावता जातात.

पुढचं सगळं कोल्हापूर आणि रंकाळा डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय, कारण मला तेच माहीत आहे. तुमचं तळं ठाण्याचं मासुंदा असो, सावंतवाडीचा मोती तलाव असो की सोलापूरचं सिद्धेश्वराचं, भिंतीचं काम सगळीकडे सारखंच. बदलतो तो फक्त काठ. हिशोबाला सोपी म्हणून ४० फूट लांब आणि १५ फूट उंच, म्हणजे ६०० चौरस फुटांची भिंत धरू.

भिंत निवडणं आणि कागद करणं

गर्दीच्या रस्त्यावरची भिंत हवी हे खरं, पण माणसाला ती किती लांबून दिसते ते आधी बघा. महाद्वार रोडसारख्या ठिकाणी समोरच्या दुकानाच्या पायरीवर उभं राहिलं तरी जेमतेम २० फूट अंतर मिळतं. तिथे ४० फुटी चित्र एका नजरेत मावत नाही, ते चालत चालत बघावं लागतं. अशा भिंतीवर मधोमध एकच मोठी गोष्ट काढून उपयोग नाही. दर दहा-बारा फुटांवर डोळा थांबेल असं काहीतरी लागतं. चौकातली, सिग्नलसमोरची भिंत मिळाली तर गोष्ट वेगळी, तिथे लोक थांबलेलेच असतात.

काळ्या पाषाणाच्या जुन्या भिंती, वाड्यांचे दगडी जोते, देवळाची आवारं यांना रंग लावू नका. कोणी आग्रह केला तरी नाही. दगडावरचा रंग नीट टिकत नाही आणि पूर्ण निघतही नाही. आपल्याला गिलाव्याची भिंत हवी, शक्यतो सिमेंटच्या गिलाव्याची. जुना चुन्याचा गिलावा असेल तर त्यावर आजचा प्लास्टिकसारखा थर देणारा रंग मारणं म्हणजे भिंतीचं नाक दाबणं.

परवानगी तोंडी घेऊ नका. ‘महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध’ नावाचा १९९५ चा कायदा आहे. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या भिंतीवर रंगवणं त्याखाली अंगाशी येऊ शकतं, मग चित्र कितीही सुंदर असो. मालकाचं सहीचं पत्र घ्या. सोसायटी असेल तर ठरावाची प्रत घ्या, आणि रस्त्यावर परांची उभी राहणार असेल तर महापालिकेला आणि वाहतूक पोलिसांना अर्ज करा. पत्रात एक ओळ आवर्जून घाला : चित्र किती वर्षं ठेवायचं, आणि पुसायचं झालं तर चित्रकाराला किती दिवस आधी कळवायचं. ही उगाचची कटकट नाही. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सेहगल यांचं ब्राँझचं भित्तिशिल्प सरकारने १९७९ मध्ये काढून गोदामात टाकलं, ते प्रकरण कोर्टात वर्षानुवर्षं चाललं. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे अवशेष परत करायला आणि ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. कॉपीराइट कायद्याच्या ५७ व्या कलमात कलाकाराला काही हक्क आहेत, पण आपल्यासारख्याला एका भिंतीसाठी इतकी वर्षं कोर्ट परवडणार नाही. त्यापेक्षा ती एक ओळ बरी.

भिंतीतलं पाणी शोधणं

भिंत ठरली की पहिला आठवडा हेरगिरीचा. पलीकडच्या बाजूला जाऊन बघा. मोरी, संडास, टाकी, कुंड्या, झाड, काय आहे तिकडे? वर गच्ची असेल तर पन्हळ कुठे सुटते? भिंतीच्या माथ्यावर पाणी साचतं का? पाणी भिंतीत शिरतं ते बहुधा माथ्यावरून किंवा पायातून, आणि चित्र खराब होतं ते मधल्या भागात.

तीन चाचण्या पुरतात. पहिली तळहाताची : भिंतीवर हात जोरात घासा. हाताला पांढरी भुकटी आली तर जुना रंग मेलेला आहे, तो खरवडल्याशिवाय पुढे जायचं नाही. दुसरी कानाची : स्क्रॅपरच्या मुठीने ठोकत चला. जिथे पोकळ वाजेल तिथे गिलावा सुटलेला असतो, त्याला खडूने गोल करा. तिसरी प्लास्टिकची : दोन फूट बाय दोन फूट जाड प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून एक दिवस ठेवा. आतून दव धरलं तर ओल भिंतीतून येतेय. ही चाचणी एकाच जागी करू नका. वर, मध्ये, जमिनीपासून हातभर अशा तीन ठिकाणी लावा.

ओल सापडली तर आधी गळती बंद. वरून कितीही महागडं वॉटरप्रूफिंग मारलंत तरी पाणी मागून ढकलत राहतं. माथ्यावर सिमेंटचा उतार करून घ्या आणि पुढे दोन इंच ओठ काढा, म्हणजे पागोळी चित्रावरून न ओघळता पुढे पडेल. एवढ्या एका ओठाने चित्राचं आयुष्य वाढतं, आणि गवंड्याचं एका दिवसाचंही काम नाही ते.

लोणा असेल तर तो आधी कोरड्या ब्रशने झाडून काढायचा. पहिल्यांदाच पाणी मारलं की क्षार विरघळून परत आत शिरतात. पोकळ गिलावा फोडून नवा केलात तर त्याला पाणी मारून पिकवा आणि एकूण २८ दिवस थांबा. ताज्या सिमेंटचा खारेपणा रंग खातो, डाग पडतात. मालक घाई करतो, ज्याच्या पैशातून काम होतंय तो उद्घाटनाची तारीख सांगतो. तारीख पुढे ढकला, पण गिलाव्याला वेळ द्या.

पुट्टीबद्दल माझं मत लोकांना पटत नाही, तरी सांगतो. बाहेरच्या भिंतीला गुळगुळीत पुट्टी भरू नका. भेगा आणि खड्डे बाहेरच्या कामाच्या भरणीने बुजवा आणि भिंत थोडी खरबरीत राहू द्या. रंगाला धरायला जागा मिळते, आणि पाण्याच्या चित्राला ती खरखर शोभतेही. अर्ध्या सुक्या ब्रशने फिरवलेला पांढरा रंग त्या कणांवर अडतो आणि उन्हातली लकाकी आपोआप उतरते.

कधी रंगवायचं

कोल्हापुरात दिवाळीनंतर ते फेब्रुवारी अखेरपर्यंत. पावसाळा संपला म्हणून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात उड्या मारू नका, भिंत वरून सुकते, आतून नाही. एप्रिल-मेमध्ये भिंत इतकी तापते की रंग ब्रशवरच सुकतो आणि वळवाचा पाऊस चार वाजता येऊन सकाळचं काम धुऊन नेतो. पूर्वेकडे तोंड असलेल्या भिंतीवर दुपारनंतर काम करा, पश्चिमेकडच्या भिंतीवर सकाळी. सावलीच्या मागे मागे फिरायचं.

कुठला रंकाळा?

रंकाळा एक नाही. पावसाळ्यात तुडुंब भरला की संध्यामठाचा बराच भाग पाण्यात जातो, उन्हाळ्यात पाणी हटलं की त्याचे खांब, पायऱ्या उघड्या पडतात. तेव्हा आधी महिना ठरवा आणि मग वेळ. मे महिन्यातला मठ आणि ऑगस्टचं पाणी एका चित्रात आलं की कोल्हापूरचा माणूस पाच सेकंदांत पकडतो. काठावरच्या रंकाळा टॉवरबद्दल ‘टॉवर हितनं असा दिसत न्हाय’ हे वाक्य तुम्ही ऐकणारच आहात. ते कमीत कमी वेळा ऐकावं लागेल अशी तयारी करा.

त्यासाठी काठावर जा. दोन-तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ. गावाच्या बाजूच्या काठावरून संध्याकाळी शालिनी पॅलेसच्या अंगाने सूर्य उतरतो, तेव्हा १९३० च्या दशकातली ती इमारत नुसती काळी आकृती होऊन राहते. रंगवायला ही वेळ सगळ्यात सोपी आणि म्हणून सगळ्यात घासून गुळगुळीत झालेली. सकाळी साडेसात-आठचं पाणी मला जास्त आवडतं. त्यात निळा फार कमी असतो, राखाडी, शेवाळी हिरवा आणि मधूनच दुधाळ पट्टा. फोटो स्वतः काढा. इंटरनेटवरचा फोटो घेतलात तर तो दुसऱ्याचा असतो, आणि कित्येकदा उलटा छापलेला असतो. डावं-उजवं काठावर उभं राहून कागदावर लिहून घ्या.

या तळ्याला चित्रकारांचा शेजार जुना आहे. जे. जे. स्कूलमध्ये शिकून आलेले आबालाल रहिमान शाहू महाराजांच्या काळात दरबारचे चित्रकार होते आणि रंकाळा, संध्यामठ, कोटितीर्थ हे त्यांचे रोजचे विषय. १९३१ साली ते गेले. त्यांची निसर्गचित्रं बघितली की लक्षात येतं, पाणी एका रंगाने भरलेलं नाही, छोट्या छोट्या फटकाऱ्यांनी रचलेलं आहे. नक्कल करू नका, पण ती एक गोष्ट घ्या.

केंदाळ, म्हणजे पाण्यावर पसरणारी जलपर्णी, दाखवायचं का, हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो. पैसे देणाऱ्याला स्वच्छ निळं पाणी हवं असतं. मी कोपऱ्यात एक हिरवा पट्टा आणि त्यात एखादा बगळा ठेवतो. खरंही राहतं आणि भांडणही होत नाही.

आखणी : इथे तळं सांडतं

कच्चं चित्र कागदावर १ इंचाला १ फूट या मापाने करा, म्हणजे आपल्या भिंतीसाठी ४० इंच बाय १५ इंच. त्यावर एक-एक इंचाच्या चौकटी. भिंतीवर एक-एक फुटाच्या. नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या गावाला हे शिकवायला नको, बाबूराव पेंटर आणि आनंदराव पेंटर यांचे हात पडद्यांवरच तयार झाले होते. हल्ली पोरं भिंतीवर आधी वेड्यावाकड्या खुणा मारतात, तिचा फोटो काढतात आणि मोबाइलवर त्या फोटोवर चित्र पारदर्शक ठेवून खुणांच्या आधाराने रेषा काढतात. पद्धत छान आहे, वेळ वाचतो. प्रोजेक्टर मात्र बाजारपेठेत कामाचा नाही, रात्री बारालाही रस्त्याचे दिवे चालूच असतात.

आता पाण्याची रेषा, म्हणजे पाणी पलीकडच्या काठाला टेकतं ती. एका कामात मी ती फुटपाथपासून मापून आखली, दोन्ही टोकांना बरोबर साडेसात फूट. परांची चढलो, अर्धा दिवस काम केलं. समोरच्या चहाच्या गाड्यावरचे काका दुपारी कप द्यायला आले, जरा मान तिरकी करून बघत राहिले आणि म्हणाले, “पेंटर, तुमचं पाणी तिकडच्या गल्लीत चाललंय की वं.” खरंच चाललं होतं. फुटपाथलाच उतार होता, ४० फुटांत चार इंच, आणि माझं तळं त्या उताराबरोबर कललं होतं. डोळा रस्त्याचा उतार माफ करतो, पाण्याचा करत नाही.

म्हणून जमिनीवरून, छपरावरून, विटेच्या थरावरून माप घ्यायचं नाही. गवंड्याची पारदर्शक लेव्हल नळी आणा, पाणी भरा, त्यातला हवेचा बुडबुडा काढून टाका, दोन टोकांना पाण्याची पातळी बघून खूण करा आणि दोन खुणांमध्ये रंगाची दोरी ताणून सूत मारा. उभ्या रेषा ओळंब्याने. टॉवर ओळंब्यात नसेल तर त्याचं प्रतिबिंबही भरकटतं.

रेषा किती उंचीवर? पुस्तकी उत्तर डोळ्याच्या पातळीवर, म्हणजे पाच फूट. आपल्याकडे त्या रेषेखाली दुचाक्या लागतात आणि सगळं पाणी हँडलांच्या मागे जातं. मी ती सात ते आठ फुटांवर घेतो. बघणारा टॉवरवर उभा आहे असं धरायचं. आकाशाला सात फूट उरतात, पुरेसे आहेत.

खालच्या तीन-साडेतीन फुटांत पाणी काढूच नका. तिथे पिचकाऱ्या येणार, चिखल उडणार, गाड्या घासणार. त्या पट्ट्यात घाटाच्या काळ्या पायऱ्या काढा : काळा, तपकिरी, थोडा शेवाळी, वर लालसर डाग मुद्दाम. मग आणखी एक लाल डाग पडला तरी कोणाला कळत नाही. काही जण तिथे देवांच्या टाइल्स लावायला सांगतात. मी लावत नाही, देवाला राखणदार करणं मला पटत नाही.

सामान आणि परांची

चांगला बाहेरचा प्रायमर एका हाताला, म्हणजे एका थराला, साधारण ८ लिटर लागेल. डब्यावर छापलेलं क्षेत्र गुळगुळीत भिंतीचं असतं, खरबरीत भिंत जास्त पिते. त्यावर बाहेरच्या अ‍ॅक्रिलिक इमल्शनचे दोन हात, फिकट राखाडी-हिरवट, १२ ते १४ लिटर. पांढरा पाया देऊ नका, पांढऱ्यावर प्रत्येक रंग गडद वाटतो आणि अंदाज चुकतो. चित्राच्या रंगासाठी आणखी १२ लिटरच्या आसपास, त्यात निम्मा पांढरा.

छटा दुकानातल्या मशीनवर करून घ्या. स्टेनरची बाटली पिळून घरी गडद रंग करायचा मोह होतो, पण लिटरला ३०-४० मिलीच्या पुढे स्टेनर गेला की थर नीट पकडत नाही, हाताला रंग लागत राहतो. उन्हात टिकणारे रंग म्हणजे गेरू, पिवळी माती, काळा ऑक्साइड, थॅलो जातीचे निळे-हिरवे. झगझगीत गुलाबी आणि फ्लोरोसंट केशरी लवकर उडतात. सूर्यास्त रंगवणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं, दोन-तीन वर्षांत सूर्य जातो आणि ढग राहतात.

परांची बांबूची असो की लोखंडी, पाय फळीवर टेकवा, गटाराच्या झाकणावर नाही, आणि ती भिंतीच्या पक्क्या जागी बांधा. उभं राहायला एक फळी नको, दोन फळ्या हव्यात. वरून विजेच्या तारा गेल्या असतील तर काम सुरू करण्याआधी महावितरणच्या कार्यालयात जाऊन अंतर विचारून घ्या. लोखंडी पाइप आणि लांब दांड्याचा रोलर तारेजवळ नेणं म्हणजे मरण आहे. समोरच्या गाडेवाल्यांना दोन दिवस आधी सांगा, त्यांची जागा अडणार असते. माझ्या अनुभवात भिंतीची सगळ्यात चांगली राखण नंतर तेच करतात.

रंगवणं

वरून खाली, मागून पुढे. आधी आकाश, मग पलीकडचा काठ, मग पाणी, शेवटी घाट. दोन हातांमध्ये किमान चार तास, थंडीत जास्त. आकाशाचे रंग एकमेकांत मिसळायचे तर हलकं पाणी फवारून चार-पाच फुटांच्या पट्ट्यात दोघांनी मिळून काम करा. एकट्याला ४० फूट ओलं ठेवता येत नाही.

पाण्याचे नियम थोडेच आहेत. प्रतिबिंब वस्तूच्या थेट खाली पडतं, बाजूला नाही. पाण्याला टेकलेल्या वस्तूची जेवढी उंची रेषेवर, साधारण तेवढीच रेषेखाली. गडद वस्तूचं प्रतिबिंब मुळापेक्षा किंचित फिकट, फिकट वस्तूचं किंचित गडद. लांबच्या लाटा बारीक आणि चिकटून, जवळच्या रुंद आणि सुट्या. आणि ब्रशचा प्रत्येक फटकारा आडवा. हात थकला की मनगट गोल फिरायला लागतं आणि लाटा केळ्यासारख्या वाकतात. तेव्हा खाली उतरा, चहा घ्या.

मी पाणी तीन फेऱ्यांत करतो. पहिली आकाशाचाच रंग थोडा मळवून, रोलरने. दुसरी प्रतिबिंबांची, चार इंची ब्रशने वरून खाली ओढून, ओलं असतानाच कोरड्या ब्रशने एकदा आडवं पुसून. कडा हलतात आणि पाणी वाटायला लागतं. तिसरी लकाकीची, जवळजवळ सुका ब्रश, आणि इथे कंजूस व्हा. पांढरे फटकारे ज्या दिवशी पुरेसे वाटतात त्याच्या आदल्या दिवशीच ते पुरेसे झालेले असतात. प्रत्येक तासाला रस्ता ओलांडून समोर जाऊन बघा, परांचीवरून फक्त डाग दिसतात.

वरून वॉर्निश मारायचं का? घाटाच्या पट्ट्यावर धुता येईल असा पाण्यातला पारदर्शक थर जरूर द्या. बाकी चित्रावर मी चकचकीत काही मारत नाही. दुपारच्या उन्हात ते आरशासारखं चमकतं, आणि भिंतीत थोडी ओल राहिली असेल तर थराखाली पांढुरकं धुकं धरतं.

काम झाल्यावर

उरलेले रंग लोणच्याच्या छोट्या बरण्यांत भरा आणि प्रत्येकीवर लिहा : कुठला भाग, कुठला शेड नंबर, काय प्रमाण. ‘निळा’ असं लिहिलेली बरणी सहा महिन्यांनी कोणाच्याच कामाची नसते, ‘मठाच्या डावीकडचं सकाळचं पाणी’ असं लिहिलेली असते. कोपऱ्यात सही, साल आणि तळ्याचं नाव. देणगीदाराचा फलक चित्राच्या बाहेर. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, मऊ ब्रश आणि साध्या पाण्याने शेवाळ काढा. दाबाच्या पाण्याची नळी लावू देऊ नका.

आणि जूनमधल्या पहिल्या दणदणीत पावसात छत्री घेऊन भिंतीसमोर जा. अर्धा तास उभं राहा. माथ्यावरून पाणी कुठे ओघळतंय, ओठाचा कुठला तुकडा काम करत नाही, कुठला भाग इतरांच्या आधी काळा पडतोय, ते मोबाइलवर टिपून घ्या. पाऊस थांबल्यावर त्यातली एकही जागा सापडत नाही.